आकडा घासलेला हीटर

नारायणगावच्या एका हार्डवेअरवाल्यानं मला फसवलं, आणि त्यानं दिलेल्या हीटरवर पाणी करून मी, नकळत का होईना, माझ्या मित्राला फसवलं. दुसरी गोष्ट अख्ख्या जीप स्टँडला ठाऊक आहे. पहिली कुणी ऐकूनच घेत नाही.

नव्वदीच्या शेवटी स्टँडमागे माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पुण्याहून कॅनमधून यायचं. पाणी उकळायचं नि निववायचं, एवढ्यासाठी नफा दुसऱ्यानं खावा हे मला पटेना. डिंगोरे गावातल्या माझ्या घरी मागच्या पडवीत मी स्वतःच मांडणी केली. स्टीलची टाकी, घट्ट झाकण, आणि वाफ निवायला गार पाण्याच्या पिंपातून फिरवलेली नळी. येणारा जाणारा विचारायचा, "काय राव, हातभट्टी टाकली का?"

हीटर मात्र मी विचार करून ठरवला होता. बादलीत सोडायच्या साध्या रॉडवर आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार चढायचा आणि पंधरा दिवसांत रॉड जळायचा. म्हणून लांब, जाड नळीचा, स्टीलचा हवा होता. किती वॅटचा, ते जुन्नरच्या वायरमन चाचांनी सांगितलं. "टाकी लहान हाय बेटा. अडीच हजाराच्या वर जाऊ नको. लई जोरात उकळलं की कच्चं पाणी वाफेसंगं उडून नळीत जातं. मग त्ये डिस्टिल्ड कसलं?"

हार्डवेअरवाल्याशी मी दोन तास घासाघीस केली. दोनदा दुकानाची पायरी उतरलो, दोनदा त्यानं परत बोलावलं. शेवटी म्हणाला, "पावणं, तुमी तर माजं कातडंच काढलं." मग आतून धूळ बसलेला एक हीटर घेऊन आला. त्याच्या पितळी तोंडावर वॅटचा आकडा असतो, तिथं नुसती घासल्याची चकाकी होती.

"अडीच हजार वॅटचाच ना?"

"अडीच. न्हाईतर आणून द्या माघारी."

बिल नको म्हटलं तर आणखी थोडा उतरेन, असं तो म्हणाला. मी बिल नको म्हणालो. आमच्याकडे सगळेच तसं करतात, आणि मी तर त्यात स्वतःला पटाईत समजायचो. जिंकल्यासारखा घरी आलो.

वर्षभर पाणी उत्तम निघालं. काचेवर थेंब वाळवून बघायचो, डाग पडायचा नाही. लोणी गावचा एक जीपवाला माझा जुना दोस्त. पहिला कॅन त्यानंच नेला आणि स्टँडवर सांगत सुटला, "पुण्याचं कशाला? आपल्या भाऊचं हाय की." त्याच्या शब्दावर बाकीचेही घेऊ लागले. मग रोज थेंब बघायचं मी सोडून दिलं.

आमच्याकडे दिवे पिवळेच जळायचे, व्होल्टेज दीडशेच्या पुढं क्वचित जायचं. पुढं गावात नवीन ट्रान्सफॉर्मर बसला. दिवे पांढरेशुभ्र झाले, टाकी धडधडा उकळू लागली, कॅन निम्म्या वेळात भरू लागला. मी खूश.

दोन-तीन महिन्यांत दोस्ताची नवी बॅटरी खलास झाली. बदलली, तर दुसरीही गेली. भर बाजारात पॅसेंजरला उतरवून जीप ढकलायची वेळ आली. बाकीचे हसायचे, "भाऊचं पाणी पाजलंस व्हय गाडीला?" मी घरी जाऊन काचेवर थेंब वाळवला. पांढराफटक डाग.

चाचांनी वायरीला मीटर लावला. सतरा अँपिअर. "अडीच हजार वॅटला अकराच्या आसपास पायजेत. हा चार हजाराचा हाय. आजवर व्होल्टेजच न्हवतं, म्हणून मुकाट बसला व्हता."

हीटर उचलून मी तसाच नारायणगावला गेलो. माझा आवाज चढला, बाहेर माणसं जमली. तो शांतपणे म्हणाला, "बिल दाखवा." लोक पांगले. मी हीटर काखेत धरून उभा.

दोस्ताला मी नवी बॅटरी दिली. त्यानं ती घेतली, पण पाणी पुण्याचंच मागितलं.

"मी तुला फसवलं नाही रे," मी म्हणालो.

"मग कुणी फसवलं?" त्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं की त्याला हे खरं वाटत नाही. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचं त्यानं सोडलं होतं, आणि ते माझ्यामुळेच. त्यानंतर त्यानं गाडी माझ्या दुकानासमोर लावली नाही.

थेंब बघायचं सोडलं ही चूक माझी, ती मी कुठेही कबूल करतो. बिल घेतलं नाही, तीही माझीच. पण तो आकडा मी घासला नाही. ज्यानं घासला, तो आजही गल्ल्यावर बसतो. त्यानं एकदा लोणीला जावं, माझ्या दोस्ताच्या दारात उभं राहावं आणि हीटर किती वॅटचा होता ते आपल्या तोंडानं सांगावं. पैसे नकोत मला. एवढं उत्तर त्यानं दिलंच पाहिजे.