लाल ओढणीतली चाफ्याची शेंग

आता ही गोष्ट तुम्हाला सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. कारण ऐकल्यावर तुम्ही हसणार, आणि कुणी माझ्याकडे बघून हसलं की माझे कान लाल होतात. पण चहा झालाच आहे, तर ऐका. एक फडकं बांधलं मी. फक्त एक फडकं! त्यातून आमच्या सोसायटीत एक देवी जन्माला आली.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी प्रज्ञा, नववीत, डोंबिवलीला राहते. माझा आवाज इतका हळू आहे की वर्गात मी 'हजर' म्हणते आणि बाई गैरहजेरी मांडतात. मोबाइलवर मात्र मला बोलता येतं, कारण तिथे लिहून खोडता येतं. म्हणून ठाण्याच्या बागवाल्यांच्या एका ग्रुपवर मी आहे. गच्चीत आणि बाल्कनीत झाडं लावणारी माणसं, बहुतेक आजी-आजोबा. अधूनमधून ते ठाण्याला जमतात आणि एकमेकांना बिया देतात.

आमच्या सोसायटीत मीटर रूमशेजारी लाल चाफ्याचं झाड आहे. यंदा पानगळ झाल्यावर मला त्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. एकाच देठावर दोन लांब शेंगा, बैलाच्या शिंगांसारख्या दोन दिशांना गेलेल्या. चाफा सगळे फांदी खोचून लावतात, त्यामुळे त्याला शेंग येते हे कुणाला माहीतच नसतं. मलाही नव्हतं! मी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

आणि काय सांगू, ग्रुपवर दिवाळीच! ग्रुप चालवणाऱ्या लेले आजींनी लिहिलं, "अगं, लाल चाफ्याचं बी! नशीबवान आहेस. पिकायला आलंय. पुढच्या रविवारी आपण जमतोय, तेव्हा आणशील ना?" पाठोपाठ मलाही, मलाही, मलाही. मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं, आणि शेवटी पाठवलं, "हो. रविवारी नक्की आणते."

आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या माणसांना शब्द दिला होता.

आता अडचण अशी की चाफ्याची शेंग पिकली की उभी उकलते आणि आतल्या बिया उडून जातात. प्रत्येक बीला कागदासारखा पातळ पंख असतो. लेले आजींनी सांगितलं, "शेंगेला जाळीचं फडकं बांधून ठेव. हवा खेळती राहील आणि बी आतच पडेल."

जाळीचं फडकं घरात एकच होतं. पाचवीत गॅदरिंगच्या नाचात घातलेली ओढणी. लाल. सोनेरी लेसची.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं!

मी ओढणी कापून छान पिशवी शिवली. दुपारी सगळे झोपले होते तेव्हा स्टूल घेऊन खाली गेले, कारण कुणी बघितलं असतं तर 'काय करतेस' विचारलं असतं आणि मग बोलावं लागलं असतं. दोन्ही शेंगा पिशवीत घातल्या, देठाशी गाठ मारली. वर शहाणपणा असा, की सोनेरी लेस पुढच्या बाजूला घेतली. दिसायला बरं दिसावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना बघते तर झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू!

मला वाटलं, कुणाच्या तरी हातून सांडलं असेल. संध्याकाळी परत आले तर बुंध्याशी केळं, केळ्यात खोचलेल्या उदबत्त्या, आणि भोवती पाच-सहा बायका. मध्ये पहिल्या मजल्यावरच्या सावंत काकू. त्या कणकवलीकडच्या, आवाज असा की माइकला लाज वाटावी.

"जन्म गेलो माझो, चाफ्याक कधी फळ बघितलंय? आणि हे बघा, जोडफळ! निष्पर्ण झाडाला! आणि वर चुनरी! ही चुनरी कोणी बांधली?"

"कोणी?"

"कोणीच नाही! आपोआप आली!"

"सीसीटीव्ही बघू या ना," बी विंगच्या एक काकू म्हणाल्या.

"बघितला. नेमका त्याच दुपारी बंद!"

"तो गणपतीपासून बंद आहे, काकू," वॉचमन म्हणाला.

"बघा! देवीने आधीच तयारी केलेली!"

मी तिथेच उभी होते. दप्तर पाठीवर, तोंड उघडं. आता बोलायला हवं, आत्ताच. मी घसा खाकरला. सावंत काकू वळल्या, "काय गो प्रज्ञा?" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मी काय बोलले असेन?

"काही नाही."

एवढंच. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. त्या दोन शब्दांनी देवीची प्रतिष्ठापना केली.

पुढच्या दिवसांत काय काय झालं, मी रोज जिन्याच्या खिडकीतून बघत होते. कुणी फांदीला धागा बांधला, कुणी बांगड्या अडकवल्या. नाव पडलं चाफाई. मग ती पावायलाही लागली! बी विंगमधल्या एका मुलाला व्हिसा मिळाला. बंद लिफ्ट सुरू झाली. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आदल्या दिवशी येऊन गेल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण विचारतंय कोण? शेजारच्या बिल्डिंगमधून माणसं यायला लागली.

आमचे सेक्रेटरी पाटणकर काका तरी काही बोलतील असं वाटलं होतं. त्यांना सोसायटीत खिळा ठोकलेलासुद्धा चालत नाही. तर त्यांनी स्वतःची स्कूटर तिथून हलवली आणि झाडाजवळ पाटी लावली, 'कृपया चपला येथे काढाव्यात.'

आणि इकडे ग्रुपवर लेले आजी, "प्रज्ञा, रविवारचं नक्की ना? आम्ही कुंड्या भरून ठेवल्यात."

मी अंगठा पाठवला.

शनिवारी दुपारी खिडकीतून पाहिलं, तर जाळीतून शेंग चांगली तपकिरी दिसत होती. आता काढायलाच हवी होती. झाडापाशी कुणी नव्हतं. मी स्टूल घेऊन धावले, चपला काढल्या (हो, काढल्या, पाटी होती ना), वर चढले, गाठीला हात घातला.

"अगो बाय माझे!"

मागे सावंत काकू. हातात तांब्या.

मी दगड झाले. हात चुनरीवर, म्हणजे ओढणीवर. देवीची चोरी करताना रंगेहाथ! काकूंनी माझ्याकडे बघितलं, देवीकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"नवस बोलतंस? पुढच्या वर्षीच्या दहावीसाठी? आतापासून?"

माझी मान हलली. मी हलवली नाही, ती आपली आपण हलली.

"गुणाची पोर! मीट डोळे. माग काय हवं ते."

मी डोळे मिटले. स्टुलावर उभी राहून स्वतःच्याच ओढणीला हात जोडले! आणि काकू मला हाताला धरून खाली उतरवून थेट घरी घेऊन गेल्या, आईला ही आनंदाची बातमी द्यायला.

आता हे कळायला हवं, की आमच्या घरात नवस, उपास, अंगारा यातलं काहीच नाही. आम्ही बौद्ध. पौर्णिमेला विहारात जायचं, वंदना म्हणायची आणि कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही, हा बाबांचा नियम. खालच्या चाफाईवर तर ते आठवडाभर जेवताना भाषण देत होते.

काकू गेल्या. दार लागलं. बाबा खुर्चीत बसले होते ते उठले आणि पुन्हा बसले.

"नवस? माझ्या मुलीने?"

"बाबा, तसं नाही..."

"अगं, झाडाला फडकं बांधून मार्क मिळतात का? कोणी शिकवलं तुला हे? त्या झाडाला पहिलं फडकं ज्याने बांधलं ना, तो मला एकदा भेटू दे!"

"मीच," मी म्हणाले.

"काय मीच?"

"पहिलं फडकं. मी बांधलं. बी गोळा करायला."

बाबांचं तोंड उघडं ते उघडंच. कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही तिघं दचकलो. मग आई हळू आवाजात म्हणाली, "गॅदरिंगची लाल ओढणी कापलीस तू? प्रज्ञा, ती मावशीची होती गं! परत द्यायची राहिली होती!"

प्रत्येकाला धक्का आपापल्या जागी बसतो.

"चल खाली," बाबा म्हणाले. "सगळ्यांना सांग. आत्ता."

खाली शनिवारची आरती जमलेली. बाबांनी मला पुढे केलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर हवा बाहेर आली, आवाज नाही. मग बाबांनीच सुरुवात केली, "मित्रांनो, विवेकाने विचार केला तर..." टाळ जोरात वाजायला लागले.

तेव्हा मला वाटलं, बोलता येत नाही तर दाखवावं. स्टूल अजून तिथेच होतं. मी चढले आणि गाठ सोडली.

पिशवी खाली सरकली. शेंगेला माझं बोट लागलं. आणि शेंग, आठवडाभर गप्प बसलेली ती शेंग, तड्कन उकलली!

त्यात वारा आला. पंखांच्या बिया भिरभिरत आरतीवर उतरायला लागल्या.

"पावली! चाफाई पावली!" सावंत काकू ओरडल्या. "प्रसाद घ्या, प्रसाद!"

बायकांनी पदर पसरले. पाटणकर काकांनी टोपी पसरली. आणि माझ्या डोळ्यांदेखत सावंत काकूंनी एक बी कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. त्यांचं बघून पाटणकर काकांनीही टाकली!

चाफ्याचा चीक पोटात जाऊ देऊ नये, बी खाऊ नये, हे ग्रुपवर बजावून सांगितलेलं. आणि आत कुठून तरी, आजवर कधीही बाहेर न आलेला आवाज बाहेर आला.

"थुंका!!"

टाळ थांबले. समोरच्या बिल्डिंगमध्ये खिडक्या उघडल्या.

"काकू, थुंका! काका, थुंका! सगळ्यांनी थुंका! खायचं नसतं ते!"

सगळे थुंकले. ज्यांच्या तोंडात काही नव्हतं तेही थुंकले. थुंकणाऱ्याला दंड लावणारे पाटणकर काका आपल्याच नव्या पाटीवर थुंकले.

मग त्या शांततेत मी एका दमात सांगून टाकलं. ही माझी ओढणी आहे. हे बी आहे. चाफ्याला क्वचित येतं, पण येतं, आणि शेंगा जोडीनेच येतात. मी लाजले म्हणून आधी बोलले नाही.

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"म्हणजे देवी नाही?"

"नाही, काकू."

"मग लिफ्ट?"

"लिफ्टवाला आदल्या दिवशी येऊन गेला होता, काकू." माणसं हळूहळू पांगली, पदर झटकून. मी आणि बाबांनी गुडघ्यांवर बसून पार्किंगमधल्या बिया वेचल्या. सावंत काकू थोड्या वेळाने परत आल्या, मूठ उघडून बिया माझ्या हातात ओतल्या आणि एक स्वतःकडे ठेवली. "ही मी लावणार," त्या घुश्शात म्हणाल्या. "खात नाही, घाबरू नको."

शब्द पाळता आला! रविवारी बाबांनी मला ठाण्याला नेलं. एका सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमलेले. मी बियांच्या पुड्या टेबलावर ठेवल्या. लेले आजींनी माझ्या गालाला हात लावला आणि जाहीर केलं, "ही आपली प्रज्ञा. बी कसं गोळा केलं ते आता ही सांगेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण मी बोलले! हळू, पण बोलले. शेंग कधी पिकते, जाळीचं फडकं कसं बांधायचं, सगळं. मला माझाच अभिमान वाटत होता. इतक्यात पुढच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "फडकं कुठल्याही रंगाचं चालतं का गं?"

"लाल सोडून!!"

हा पुन्हा तोच कालचा आवाज होता.

"का गं?" लेले आजींनी विचारलं. "लाल का नको?"

सगळी गोष्ट सांगायची? इतक्या लोकांसमोर? चाफाई, आरती, थुंका? माझे कान तापले. मी पायाकडे बघत पुटपुटले,

"असंच. लाल चांगलं नसतं."

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मला वाटलं, सुटले!

त्यानंतर काही दिवसांनी रात्री जेवताना बाबा मोबाइल बघत होते. एकदम ताट सरकवून म्हणाले, "हे वाचा! ऑफिसच्या ग्रुपवर आलंय. 'चाफ्याच्या झाडाला चुकूनही लाल कापड लावू नये. झाड रुसतं, घराची भरभराट थांबते. ठाण्यातील एका अनुभवी जाणकारांचा सल्ला. सर्वांना पाठवा.' अरे, काय चाललंय काय या जगात! परवा एक अंधश्रद्धा बंद केली, तोवर ही दुसरी हजर! कोण मूर्ख माणसं सुरू करतात गं हे?"

आईने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "बाबा, आमटी वाढू?"