मुठीत धरलेलं तेल

थंडीतल्या सकाळी काचेची लहानशी कुपी तळहातावर घेतली की आधी जाणवतो तो तिचा गारवा. मग बोटं मिटतात, आणि काच कुठे संपते नि आपली कातडी कुठे सुरू होते हे हळूहळू कळेनासं होतं. मूठ उघडून कुपी उजेडात धरावी, तर आतलं तेल नुकत्याच काढलेल्या तिळाच्या तेलासारखं फिकट पिवळं, नितळ आणि संथ. कुपी कलली की तेही कलतं, पण पाण्यासारखं धावत नाही. विचार करत करत जातं. एवढ्याशा तेलाची वाट मी एकोणीस वर्षं पाहिली असं म्हटलं, तर तुम्हाला ते नाटकी वाटेल का? लिहिताना मलाही संकोच होतो आहे. पण ते खरं आहे.

सांगूनच टाकतो. माझ्या जन्माच्या दाखल्यावर मुलगी असं लिहिलेलं आहे आणि मी मुलगा आहे. हे मला फार लवकर कळलं होतं, सांगता मात्र फार उशिरा आलं. मेहकरच्या कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा कुठे धीर झाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. एक अनोळखी पायरी चढून गेल्यावर दुसरीची भीती थोडी कमी होत असावी. शहरातल्या डॉक्टरांनी पुष्कळ वेळा भेटून, रक्त तपासून, सारं समजावून मगच चिठ्ठीवर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन लिहिलं. दर तीन आठवड्यांनी एक, मांडीच्या स्नायूत. हे औषध तेलात विरघळवलेलं असतं, म्हणून ते अंगात एकदम उसळत नाही. मुरत जातं, लोणच्यात मीठ मुरावं तसं.

आणि काय काय मुरलं! काही महिन्यांनी वर्गात हजेरीच्या वेळी मी ‘हजर’ म्हणालो, तर माझाच आवाज मला दारात उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा वाटला. पुढच्या बाकावरचा मित्र मागे वळून म्हणाला, “काऊन बे, सर्दी झाली काय?” मी ‘हाव’ म्हणालो. इतकी सुंदर सर्दी याआधी कुणाला झाली असेल का!

पण मला बोलायचं आहे ते आईबद्दल.

आई आमच्या गावची आशाताई. बारा वर्षं झाली, लसीकरणाच्या दिवशी ती गुलाबी साडी नेसून भल्या सकाळी घराबाहेर पडते, दारोदार जाऊन लेकुरवाळ्या बायांना गोळा करते, रडणारी पोरं मांडीवर धरून बसते. सुई टोचण्याचा अधिकार तिला नाही. ते काम नर्सबाईंचं. आईकडे असतो लसींच्या निळ्या डब्यावरचा पहारा. त्या डब्यात बर्फाच्या थैल्या असतात आणि लस गारच राहिली पाहिजे, हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा नियम. एकदा भर उन्हाळ्यात कुणी तो डबा उगाच उघडून पाहिला, तर शांत स्वभावाची माझी आई अख्ख्या चावडीला ऐकू जाईल अशी कडाडली होती.

माझं इंजेक्शन सुरू झालं तेव्हा मात्र ती अगदी हळू बोलली. “तुले जे करायचं ते कर. मी आडवी येत नाही. पण मले पाह्याले लावू नको.” आमच्या उपकेंद्रात नर्सबाई मला सुई देत, तेव्हा ती बाहेर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसे. शेजारपाजारच्यांनी विचारलं तर सांगे, “रक्त कमी हाय, त्याची सुई हाय.” मी तिला दोष देत नव्हतो. गावातल्या प्रत्येक लेकराच्या सुईला हजर असणाऱ्या या बाईने माझ्या सुईला एकदा, फक्त एकदाच समोर असावं, एवढंच मनात होतं. मागायला जीभ रेटत नव्हती.

पुढे डॉक्टरांच्या परवानगीने नर्सबाईंनीच मला स्वतःच्या हाताने सुई घ्यायला शिकवलं. कुपीवरचं नाव आणि तारीख वाचायची. तेल ओढायला जाड सुई, टोचायला दुसरी. सिरिंज उभी धरून टिचकी मारायची, हवेचा बुडबुडा वर आला की त्याला निरोप द्यायचा. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध. “घाई करू नको लेकरा,” त्या म्हणायच्या, “तेल हाय ते. त्याच्या चालीनं चालू दे.” आयुष्यात मला पुष्कळ शिक्षकांनी शिकवलं, पण इतका थोडका आणि इतका उपयोगी धडा क्वचितच मिळाला.

मग पौष आला. परीक्षेसाठी मी पंधरा दिवस मेहकरला मित्राच्या खोलीवर राहिलो. कुप्या घरी, माझ्या पत्र्याच्या पेटीत होत्या. रविवारी सकाळी सुईच्या दिवशी घरी आलो, पेटी उघडली, तर त्या जागेवर नाहीत! आईला विचारलं. ती फ्रिजकडे गेली आणि अगदी वरच्या, बर्फाला लागून असलेल्या कप्प्यातून स्टीलचा डबा काढला. डब्यात कापसाची गादी, गादीवर माझ्या कुप्या, एकमेकींना लागू नयेत म्हणून वेगवेगळ्या गुंडाळलेल्या. मी एक वर काढली. तेल गढूळ झालं होतं आणि तळाशी पिठीसाखरेसारखी कणी बसली होती.

“काऊन ठेवलं इथं?” मी ओरडलो. माझा तो नवा, जाड आवाज घरभर घुमला आणि मलाच त्याची लाज वाटली.

आई गोंधळली. “सुई गारच ठेवा लागते ना बाबू. पेटीत ऊन लागून खराब होईन म्हनून... लाइट गेली का रोज उठून पाहून राह्यली मी.”

दर हिवाळ्यात खोबरेल तेल गोठलं की आईच बाटली ओट्यावर उन्हात ठेवते. तेलाला ऊब लागते हे तिला कळत नव्हतं असं कसं म्हणू? पण तिच्या लेखी हे तेल नव्हतंच; ही सुई होती. आणि सुई जपायची तर कशी, हे बारा वर्षं तिच्या हाडात भिनलेलं. जिच्याकडे पाहायचंही नाही असं तिने ठरवलं होतं, ती वस्तू तिने स्वतःजवळच्या सगळ्यात मोठ्या नियमाने सांभाळली होती. माझ्या रागाचं तिथल्या तिथे पाणी झालं.

तिनेच नर्सबाईंना फोन लावला. सगळं ऐकून पलीकडून हसू फुटलं. “आशाताई, तू तर तेलाले पोलिओचा डोस समजली! थंडीनं कणी धरली ती. मुठीत धर, चांगली ऊन होऊ दे, हळूहळू हालव. सगळी साफ झाली तर लावा. एक कण जरी राह्यला तर फेकून दे आन् मले फोन कर.”

मी हात पुढे केला. पण आईने कुपी दिली नाही. ती मुठीत घेऊन बाहेर ओट्यावर, कोवळ्या उन्हात जाऊन बसली. मी दाराआड उभा राहिलो.

समोरून रुखसाना चाची आल्या, बाजारोबाजार बांगड्या विकणाऱ्या आमच्या शेजारीण. कुणाच्या घरात काय शिजतं ते त्यांना वासावरून कळतं. “काय गं, मूठ अशी घट्ट धरून बसली! सोनं सापडलं काय?”

रक्त कमी आहे, हे वाक्य आता येणार, मला ठाऊक होतं.

“माह्या पोराची सुई हाय,” आई म्हणाली. “डॉक्टरनं देल्ली. आंगात पोरगाच हाय तो, पयल्यापासून, त्याचंच औषध. मीच येड्यावानी गार करून ठेवली, आता ऊन करून राह्यली.”

चाचींनी डोक्यावरची टोपली सावरली. त्या क्षणात मी किती वेळा गाव सोडून पळालो, ते माझं मला माहीत. मग त्यांनी टोपली खाली ठेवली. “तं मंग दोन्ही हातानं धर ना बाई! एका मुठीनं कवा होईन?”

बऱ्याच वेळाने आई आत आली. कुपीतलं तेल काचेसारखंच स्वच्छ झालं होतं, एक कणही नव्हता. मला वाटलं, आता ती देऊन बाहेर जाईल. ती माझ्यासमोर बसली. “हात धू,” म्हणाली. धुतले. “पुन्हा धू. नखं.” पुन्हा धुतले. कुपीची मान मोडताना, तेल सिरिंजमध्ये सावकाश चढताना, सुई बदलताना ती सारं पापणी न लववता पाहत होती. मांडीवर पुसलेलं स्पिरिट वाळलं. सुई मांडीजवळ नेऊन मी थांबलो. तेव्हा बारा वर्षांची सवय तिच्या तोंडून आपसूक बाहेर पडली, “तो पाह्य कावळा! तिकडं पाह्य, झाडावर!”

आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. टोचून घेणाराच टोचणारा. त्याने कावळ्याकडे पाहून कसं चालेल! हसू ओसरलं. सुई आत गेली, तेल त्याच्या चालीने उतरलं. मी कापूस दाबून धरला. सुईला टोपण घालायला गेलो, तर हातावर चापट बसली. “टोपन नाही लावा लागत. डब्यात टाक.” जाड प्लास्टिकचा रिकामा डबा तिने आधीच जवळ आणून ठेवला होता.

त्याला आता वर्ष होत आलं. कुप्या पुन्हा पेटीत असतात, उन्हापासून आणि बर्फापासून सारख्याच दूर. मेहकरला असलो तर मीच कुपी मुठीत धरून बसतो. मूठ तीच, औषध तेच. पण माझ्या तळव्याची ऊब मला फार वेळ पुरत नाही असं का वाटतं? घरी असलो की मला काही करावं लागत नाही. सुईच्या रविवारी सकाळी आई न विचारता पेटी उघडते, ओट्यावर जाऊन बसते, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत राहते, दोन्ही हात मिटलेले. काही वेळाने आत येऊन ती कुपी माझ्या तळहातावर ठेवते. काच तेव्हा मुळीच गार नसते. मी बोटं मिटतो, आणि ती म्हणते, “हात धुतले काय?”