सुट्या चाकांची गाडी आणि आईचं माहेर

माझी आई सात वर्षं नागपंचमीला माहेरी गेली नव्हती. माहेर लांब होतं असंही नाही. आमच्या शिराळ्यापासून पश्चिमेला डोंगरात, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आत चार मैल. पण ते चार मैल म्हणजे नुसते दगडगोटे, मधे एक खिंड, आणि श्रावणात त्यावर चिखल. सात वर्षांपूर्वी परत येताना तिथं बैलगाडी कलंडली आणि आई पाठीवर पडली. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ‘गचके बसू देऊ नका.’

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन आलेले. बावीस वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपात काढलेली. त्यांनी डॉक्टरांचं वाक्य हुकूम म्हणून घेतलं आणि आईचं माहेर बंद झालं. घागरी, वैरणीचे भारे, शेणाच्या पाट्या हे सगळं त्याच पाठीवर चालू राहिलं, कारण त्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. दरवर्षी मामाचा निरोप यायचा, ‘औंदा तरी ये. माझं आता वय झालं.’ आई निरोप ऐकायची आणि चुलीकडं तोंड करून बसायची. तिचं ते बसणं मला बघवत नसे. आबांनाही बघवत नसावं, पण ते बोलून दाखवायची त्यांच्या पलटणीत पद्धत नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी उसाचं जरा बरं झालं आणि आबांनी जाहीर केलं की गाडी घ्यायची. आईला बसवून खिंडीतून वर न्यायची, ते पण गचका न बसू देता. मी तेव्हा साताऱ्याला कारकून होतो आणि पंचमीच्या रजेवर आलो होतो. दोन गाड्या दारात उभ्या होत्या. दोन्ही आठ दिवसांच्या वायद्यानं बघायला आणलेल्या.

पहिली लष्कराच्या लिलावातली जीप. पुढची दोन चाकं एका अखंड ॲक्सलला जोडलेली, बैलगाडीच्या आसासारखी, आणि खाली स्प्रिंगचे लोखंडी पाटे. दुसरी गाडी पलूसच्या एका मिस्त्रीचाचांनी स्वतः घडवलेली. वरनं जीप, पण पुढचा भाग भंगारातल्या मोटारीचा. तिची पुढची चाकं एकमेकांना बांधलेली नव्हती. प्रत्येकाला आपली स्प्रिंग, आपला दांडा. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं आपलं मजेत. चाचा स्वतः गाडीबरोबर आले होते आणि आमच्या ओसरीवर मुक्कामालाच राहिले.

“हवालदारसाब,” चाचा म्हणायचे, “हर एक चाकाला आपापला खड्डा भोगू द्या की. एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला कशापायी?”

“एक चाक वर गेलेलं दुसऱ्याला कळाय नको?” आबा म्हणायचे. “पलटण हाय का जत्रा?”

हा वाद दोन दिवसांत गल्लीभर झाला. ॲक्सल म्हणजे काय हे निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, पण एकत्र राहणं आणि वेगळं निघणं हे सगळ्यांना पुरतं ठाऊक होतं. ज्यांच्या घरात भावाभावांच्या वाटण्या होऊन कोर्टकज्जे चालू होते, ते झाडून सगळे जीपच्या बाजूचे. “जोडलेलं त्ये जोडलेलं,” असं म्हणून ते उसासे टाकायचे. उलट एकत्र कुटुंबातल्या सुना पाण्याला जाता जाता चाचांच्या गाडीपाशी थांबायच्या आणि पदराआडून त्या सुट्या चाकांकडं अशा मायेनं बघायच्या की त्यांच्या सासवांना संशय यायला लागला. शेजारच्या काकूंनी तर सुनेला ती वाटच बंद केली.

आईला कोणती पाहिजे हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. लाज वाटते आता, पण तेव्हा मीही वादात रंगलो होतो.

प्रश्न होता चाचणीचा. आईला बसवून बघणं म्हणजे जोखीम. पाण्याची कळशी ठेवून बघितली, ती दोन्ही गाड्यांत सांडली. माणसं बसवून बघितली, पण आबांच्या मिशांकडं बघून सगळे म्हणायचे, “झ्याक हाय, हवालदार.” एकानं तर गाडीतून उतरून बांधाला ओकल्यावर झ्याक म्हणून सांगितलं.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीनं पंचमीचा नाग धरून आणला. शिराळ्यात तेव्हा ही रीतच होती. पंचमीच्या आधी आठ-दहा दिवस पोरं रानोमाळ फिरायची, नाग धरायचा, गाडग्यात ठेवायचा, त्याची बडदास्त राखायची, पंचमीला पूजा आणि मिरवणूक झाली की जिथं धरला तिथं नेऊन सोडायचा. त्या वर्षीचं गाडगं आमच्या सोप्यात होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. आबा बराच वेळ त्या गाडग्याकडं बघत बसले आणि म्हणाले, “ह्यो खोटं बोलायचा न्हाई.”

मला वाटलं चेष्टा करतायत. आबा आयुष्यात चेष्टा करत नसत, हे मी विसरलो होतो.

ठरलं ते असं. गाडगं मांडीवर धरून गाडीत मागं बसायचं, मळ्यापर्यंतच्या दगडी वाटेनं जाऊन यायचं, आणि मग फडकं सोडायचं. फणा काढून फुस्कारला तर गचके लागले. गुमान वेटोळं घालून पडला तर गाडी सुखाची. ते कुणी धरायचं यावर चर्चा झाली नाही. घरात सरकारी नोकरीतला, रजेवर असलेला, लग्न न झालेला मी एकटाच होतो.

आधी जीप. त्या वाटेवर माझे दात एकमेकांवर आपटत होते. गाडग्याच्या आतून काहीतरी मातीला घासत होतं आणि माझ्या मांडीला ते कळत होतं. मी मनातल्या मनात मारुतीला नारळ कबूल केला, मग दोन केले. दारात आल्यावर नाग धरणाऱ्या गड्यानं फडकं सोडलं. नाग तळाशी वेटोळं घालून निपचित. चाचांच्या गाडीतून मात्र मला जवळजवळ झोप लागली. पुढची चाकं आपापले खड्डे भोगत होती, आणि आम्ही पाळण्यात. परत आल्यावर फडकं सोडायची खोटी, नाग हातभर उभा राहिला आणि असा फुस्कारला की गल्ली मोकळी झाली.

“बघा,” आबा म्हणाले. “जीपमधी झोपला. ह्यात चिडला.”

“झोपला न्हाई, चक्कर आली त्याला,” चाचा कळवळून म्हणाले. “माझ्या गाडीतनं ताजातवाना उतरला म्हणून उभा ऱ्हायला.”

या एका मुद्द्यावर जाणती माणसं दोन दिवस भांडली. निपचित नाग सुखी की बेशुद्ध, हे कसं ठरवायचं? नाग धरणाऱ्या गड्याला पंच नेमलं. त्यानं नागाकडं बघितलं, आबांच्या मिशांकडं बघितलं आणि म्हणाला, “द्येवाच्या मनातलं मी काय सांगू?” दुपारी आई भाकरी वाढताना म्हणाली, “मलाच घाला गाडग्यात आन् बांधा फडकं. म्हंजी कळंल.” चाचा हसले. आबांनी ताटातून वर बघितलं नाही.

शेवटी आबा आणि चाचा दोन्ही गाड्या घेऊन खिंडीतच गेले. गाडगं या वेळी घरी राहिलं, याबद्दल मी मारुतीला तिसरा नारळ दिला. चाचांची गाडी अर्ध्या खिंडीपर्यंत लोण्यासारखी गेली. मग दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी वर दबली, गाडीचं पोट खाली आलं आणि एका धोंड्यावर बसलं. चाकं दोन बाजूंना तोंड करून हवेत, जशी बाजारात रुसलेली नवराबायको. जीपनं मात्र धडाधड आपटत, सगळ्यांची हाडं सैल करत, खिंड पार केली. तिचं पोट धोंड्यापासून वीतभर वर राहिलं, कारण ॲक्सल चाकांच्या बरोबर वर चढायचा. मग त्याच जीपनं साखळी लावून चाचांची गाडी ओढून काढली.

म्हणजे सुखाची गाडी पोचत नव्हती आणि पोचणारी सुखाची नव्हती. आबा ओसरीवर डोकं धरून बसले. तो दिवस चतुर्थीचा, बायकांचा भावाचा उपवास. आई उपाशीपोटी बाहेर आली, हातात बोचकं, अंगावर ठेवणीतलं लुगडं, आणि सरळ जीपमध्ये जाऊन बसली.

“आवं, चला,” ती आबांना म्हणाली.

“पाठ मोडंल.”

“मोडू दे. भावाच्या दारात मोडंल.”

आबांनी किल्ली फिरवली. मी मागं बसून आईला गोधड्यांत दाबून धरलं होतं. खिंडीत प्रत्येक धोंड्याला तिचं अंग ताठ व्हायचं, पण तोंडातून हूं की चूं नाही. मला रडू येत होतं आणि आबा पाट्यांना शिव्या दिल्यासारखे गिअर बदलत होते. मामाच्या दारात आई उतरली, दोन पावलं चालली आणि मामाच्या गळ्यात पडली. मग कंबर धरून खाली बसली ती उठेना. तिला आत नेऊन निजवलं. मामी म्हणाली, “आता हिला हलवायचं न्हाई.” दुसऱ्या दिवशी गल्लीची मिरवणूक होती, म्हणून आम्ही दोघं परत आलो.

मी रजा वाढवली. पंधरा दिवसांनी आबांनी मला एव्हाना विकत घेतलेली जीप देऊन आईला आणायला पाठवलं. मामाच्या घरामागं चिंचेला झोका बांधलेला होता आणि त्यावर दोन बायका उभ्या राहून झोके घेत होत्या, फांदीला पाय लागेपर्यंत. एक मामी. दुसरी आई. ती हसत होती. तिला तसं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मला बघून झोका थांबला. आई उतरली, कमरेवर हात ठेवला आणि सावकाश पायरीवर बसली. मग म्हणाली, “जीप लय चांगली हाय रं. न्यायचं तेवढं न्हेती. आणायचं मातूर जमत न्हाई तिला.”

मी एकटाच परत आलो. दारात आबा उभे होते. मी म्हणालो, “आबा, ॲक्सल लय कडक हाय. अजून महिनाभर तरी तिला बसवता यायची न्हाई.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. बावीस वर्षं गाड्यांची कुरकुर ऐकलेला माणूस, कुठला आवाज खरा आणि कुठला उगीचचा हे त्यांना कळत होतं. “महिना कशाला?” ते म्हणाले. “दिवाळीपतूर राहू दे.”

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आई आली. फाट्यापर्यंतचे चार मैल ती चालत उतरली होती आणि पुढं एस.टी.नं बसून आली. पायी चालताना गचके बसत नाहीत, हे सात वर्षांत आमच्या घरातल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.