अशोकाची साल आणि डोंगरातला कंद

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. पिंपरीत औषधांच्या एका कारखान्यात मी कुप्या तपासायला बसायची. कुपी उजेडासमोर धरायची, आत कण तरंगतोय का बघायचं, पुढची उचलायची. महिन्यातले ते दिवस आले की कुप्या डोळ्यांसमोर विरघळायला लागायच्या. ओटीपोटात कुणी ओलं लुगडं पिळतंय असं वाटायचं. डॉक्टर म्हणायचे, बायकांना होतंच, मूल झालं की थांबेल. मूल मात्र होत नव्हतं.

शेजारच्या मावशी मूळच्या पिंपळे गुरवच्या. एका दुपारी त्यांनी मला उंबऱ्यात वाकून बसलेली पाहिली आणि संध्याकाळी कागदात बांधून अशोकाची साल आणली.

"दुधात पाणी घालून उकळ. पाणी आटलं की गाळून पी. माझ्या लेकीला उतार पडला व्हता. तुला पडंलच, असं न्हाई म्हणत मी."

दूध तांबूस व्हायचं, तुरट लागायचं. ते पिऊन मी खिडकीखाली पडून राहायची. कारखान्याचा आंबूस वास, पवनेवरून येणारा गार वारा, अर्धवट झोप. दुखणं जायचं नाही, पण लांब जाऊन बसल्यासारखं वाटायचं. पुढे पुढे तेवढंही होईना.

मग नवऱ्यानं मला पुण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट उघडून पाहिलं. मी शुद्धीवर आल्यावर खाटेशी बसून म्हणाल्या, "पिशवीच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढलंय. दर महिन्याला तेही रक्त टाकतं. दुखणार नाही तर काय? तुम्ही सोंग करत नव्हता."

माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मला रडू आवरेना. मग सालीचं विचारलं.

"तिच्यात काही असेलही," त्या म्हणाल्या. "पण काय आणि किती, हे मला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते देते."

त्यांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. नवरा आमच्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. घरी आल्यावर म्हणाला, "यातलं औषध रानातल्या कंदापासून बनवतात. हिमालयात त्याचा वेल असतो. कंदातून एक द्रव्य काढायचं, मग त्यावर बऱ्याच प्रक्रिया."

त्या रात्रीपासून झोपेत मला तो डोंगर दिसायचा. धुक्यात वेल चढत जायचा, खाली मातीत कंद गुपचूप पोसत असायचा. मी त्याच्याशेजारी मातीत पडलेली असायची आणि काहीच दुखत नसायचं.

मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजी ह्ये बी झाडपाल्याचंच की."

गोळ्यांनी मळमळायचं, अंगही सुटलं. पण पाळी थांबली आणि तिच्याबरोबर ते पिळणंही. मूल झालं नाही. त्याचं दुःख वेगळं, ते राहिलं. त्या वर्षीच्या दिवाळीत मात्र मी मावशींच्या ओट्यावर दिवसभर चकल्या पाडत बसले आणि एकदाही उठून आडवी झाले नाही.