आयुष्यभराचं तेल

हकीमचाचा गाडीचं तेल हुंगून निदान करायचे. बोल्ट सैल करून दोन थेंब चिमटीत घ्यायचे, अंगठ्यावर चोळायचे, नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. मग मालकाकडे बघून जे बोलायचे ते त्याच्या जिव्हारी लागायचं. "गाडी चांगली हाय, मालक नालायक हाय," हे त्यातल्या त्यात सौम्य. एक मासळीचा व्यापारी नव्या गाडीचे पेढे घेऊन आला, तर चाचांनी दरवाजाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पेढे देतोस, पण अभिनंदन कसलं करू? ठोकलेली गाडी रंगवून दिलीन तुला." त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे हकीमच म्हणायचे.

कुवेतमध्ये अठरा वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायचं. तिकडे लढाई पेटली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परतले आणि कोकणनगरच्या पुढे त्यांनी गॅरेज टाकलं. रत्नागिरीत तेव्हा ऑटोमॅटिक गाडी औषधालाही सापडत नव्हती. जे त्यांना सगळ्यांत चांगलं येत होतं त्याचं इथे कुणाला कामच नव्हतं. रिक्षा, टेम्पो, जीप यांच्याखाली पडून त्यांचे दिवस जात.

माझ्याकडे अशी एक गाडी आली, कारण माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. क्लच दाबायचा कशानं? वकिली बरी चालायला लागली तेव्हा, अठ्ठ्याण्णव साली, परदेशातून परतलेल्या एका कुटुंबाकडून मी ती मुंबईत विकत घेतली. गॅरेजच्या दारात मी कुबडी टेकून उतरलो. चाचांनी गाडीच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"पाय कधी मेला?"

मला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक पायाकडे न बघण्याची काळजी घेत. मी म्हटलं, "तीन वर्षांचा असताना."

"आणि तो असा लोंबकळत ठेवून मुंबईपासनं आलास? कंबर जाईल तुझी. मग बसशील घरी."

त्याच दुपारी त्यांनी क्लचच्या रिकाम्या जागेत पाय टेकायला एक लोखंडी पाट बसवून दिला, वर चामडं चिकटवलं. मी आभार मानले तर म्हणाले, "पायावर दया नाय केली. गाडी नीट चालवायला माणूस सरळ बसलेला लागतो."

भांडण सुरू झालं ते गिअरबॉक्सच्या तेलावरून. त्या गिअरबॉक्सला तेल मोजायची काडी नव्हती. खाली फक्त एक बोल्ट, आणि गाडीच्या पुस्तकात छापलेलं, की हे तेल आयुष्यभरासाठी भरलेलं आहे, बदलण्याची गरज नाही. चाचा म्हणाले, "चाळीस हजार किलोमीटरला बदलूया." मी पुण्याच्या शोरूममध्ये विचारलं. टाय लावलेला इंजिनिअर हसला. "सर, ते सीलबंद असतं. गावठी मिस्त्रीनं ज्या दिवशी उघडलं त्या दिवशी गाडी संपली म्हणून समजा."

परत आल्यावर मी एक नीच काम केलं. गॅरेजमध्ये चार-पाच गिऱ्हाइकं उभी असताना पुस्तक उघडून चाचांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "वाचा." त्यांना इंग्रजी येत नाही हे मला माहीत होतं. ते पानाकडे बघत राहिले. मग मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. गिऱ्हाइकं हसली.

चाचांनी पुस्तक फडक्यानं पुसून परत दिलं. "आयुष्यभर म्हंजे कुणाच्या? वकीला, ज्यानं हे लिवलंन त्यानं नव्या गाड्या विकल्या. मी मेलेल्या उघडल्या. अठरा वर्षांत एकीच्या पोटातपण हे आयुष्यभराचं तेल मला गावलं नाय."

पुढे काही वर्षं ते दर खेपेला विचारत, "बदलायचं?" मी दर खेपेला पुस्तकाचा दाखला देई. मग त्यांनी विचारणं सोडलं.

गाडी लाख किलोमीटरच्या वर गेली आणि दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना गचके द्यायला लागली. कोर्ट, पक्षकार, देवरूखच्या तारखा, सगळं त्या गाडीवर होतं. त्याआधीची वर्षं मी एसटीत चढायला अनोळखी माणसांचे खांदे मागत काढली होती. मी सरळ गॅरेज गाठलं आणि म्हटलं, "चाचा, बदला तेल."

त्यांनी बोल्ट सैल केला, दोन थेंब घेतले, हुंगले. तेल काळं होतं, त्याला जळका वास होता.

"आता नाय," ते म्हणाले. "आता हात लावायचा नाय."

"सहा-सात वर्षं मागे लागला होतात."

"तेवा आतल्या, गिअर धरणाऱ्या चकत्या जित्या होत्या. आता त्या झिजून त्यांची भुकटी तेलात उतरलीय, आणि त्या भुकटीवरच त्यांची पकड हाय. साफ तेल घातलं तर सुटतील. हळू चालव, घाटात नेऊ नको. वरीस-दोन वरीस काढील."

वर्ष-दोन वर्षं मला पुरणार नव्हती. आणि त्यांचं बरोबर असेल, तर चूक माझी ठरत होती. ते मला सोसवेना. आजही गिऱ्हाइकं होती. मी आवाज चढवून म्हटलं, "उघडता येत नाही म्हणून सांगा ना. कुवेतच्या नुसत्या गप्पा."

चाचांचा चेहरा उतरला. सत्तरीला आलेला माणूस, सबंध आयुष्यात एकच गोष्ट अभिमानानं सांगायचा. मग म्हणाले, "लिवून देशील, मी नको म्हटलेलं, तुझ्या सांगण्यावरून केलं म्हणून?"

"माझा शब्द पुरे नाही का?"

त्यांनी मान डोलावली.

दोन दिवस ते त्या गाडीखाली होते. पांढऱ्या धुतलेल्या कापडावर एकेक भाग मांडून पुसत होते. मुंबईहून मागवलेलं तेल कोकमाच्या सरबतासारखं लाल होतं. गाडी अशी चालली, की मी मनात म्हटलं, म्हातारा उगाच घाबरवत होता. अकराव्या दिवशी देवरूखला तारखेला जाताना निवळीच्या चढावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि चाकं फिरेनात. मी कुबडी घेऊन उन्हात उभा राहिलो. एक टेम्पोवाला थांबला. त्यानं मला पोत्यासारखं उचलून आत बसवलं. सबंध रस्ताभर मी चाचांना शिव्या देत होतो.

मी ग्राहक मंचात तक्रार केली. कंपनीनं उघडायला मनाई केलेला भाग अशिक्षित कारागिरानं उघडून निकामी केला, असं लिहिलं. पुस्तक जोडलं, शोरूमचं पत्र जोडलं. चाचांनी वकील दिला नाही. धुतलेला सदरा घालून एकटेच आले. मीच त्यांची उलटतपासणी घेतली.

"पुस्तकात काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता येतं?"

"नाय."

"उघडू नका असा लेखी इशारा मला दिला होता?"

"लेखी नाय. तोंडी सांगितलेलं."

"पुरावा?"

चाचा अध्यक्षांकडे वळले. "सायब, यांनाच इचारा. वकील माणूस हाय, शब्द दिलेला."

अध्यक्षांनी मला विचारलं. मी म्हटलं, "तसं काही बोलणं झाल्याचं मला स्मरत नाही."

चाचांनी पुढे एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. निकाल माझ्या बाजूनं लागला. वर्तमानपत्रात चौकटीत बातमी आली आणि गिऱ्हाइकं तुटली. सहा महिन्यांत गॅरेजला कुलूप लागलं. चाचा जयगडला मुलीकडे गेले.

माझ्या गाडीला पुण्यात दुसरा गिअरबॉक्स बसला. किल्ली देताना तोच इंजिनिअर म्हणाला, "सर, चाळीस हजाराला तेल बदलून घ्या."

"आयुष्यभराचं ना?"

"छापलेलं तसंच असतं हो. आपल्याकडची उष्णता, घाट... आम्ही आता सगळ्यांना सांगतो."

मी जयगडला गेलो. चाचा अंगणात मासळीच्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी खुर्चीत बसले होते, खूप वाळलेले. मुलीनं चहा आणला. ती आत गेल्यावर मी म्हटलं, "चाचा, मी मंचासमोर खोटं बोललो."

"म्हायत हाय मला."

"ते सांगायला आलोय."

"मला म्हायत हाय, तुला म्हायत हाय. तिसऱ्या कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग येवढ्या लांब कशाला आलास? तिकडं रत्नागिरीत सांगायचंस." चहाकडे बोट करून म्हणाले, "पी आणि जा. पोरीला नको सांगूस कोण तू. घालवून देईल, आणि तुला पळता येत नाय."

ते बोलणं सगळ्यात जास्त झोंबलं, आणि त्यात त्यांनी मला सांभाळलं होतं हे दारात पोचल्यावर कळलं.

त्या पावसाळ्यात चाचा गेले. मला कळलं तेव्हा चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला होता.

पुढे एकदा बाररूममध्ये एका तरुण वकिलानं ऑटोमॅटिक गाडी घेतल्याचे पेढे वाटले आणि विचारलं, "सर, कंपनी म्हणते गिअरबॉक्सचं तेल बदलायचंच नाही. काय करू?"

"वेळेवर बदल. हकीमचाचा सांगायचे."

"म्हणजे तुमची गाडी ज्यानं घालवली तो?"

"गाडी मी घालवली," मी म्हटलं. "त्यांनी मला नको म्हणून सांगितलं होतं. मंचासमोर मी खोटं बोललो."

त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि मी चेष्टा करतोय असं समजून तो मोठ्यानं हसला. बाकीचेही हसले.