पुडीतलं मीठ

माझा पहिला मुलगा अठराव्या दिवशी गेला. उलट्या, जुलाब आणि मग नुसतं मलूल पडून राहणं. बाहेरचं काहीतरी बाधलं, असं सगळे म्हणाले आणि मीही मान डोलावली. बी.एस्सी. झालेली, मानपाड्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला असलेली बाई मी. पण पोटचं पोर गेलं की माणूस समोर येईल ते कारण धरून बसतं.

दुसराही दहाव्या दिवशी तसाच ओकायला लागला तेव्हा मी कोणालाही न विचारता त्याला घेऊन रिक्षात बसले. कल्याणच्या डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं, रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक छोटीशी टोपी.

"या ग्रंथी. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड हाक देतं. मग ही ग्रंथी ॲल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडते. ते मूत्रपिंडाला सांगतं, लघवीवाटे चाललेलं मीठ परत घे. मिठाबरोबर पाणीही राहतं. पुरेसं झालं की हाक थांबते. तुमच्या बाळाची मूत्रपिंडं हाका मारतायत, पण त्याच्या ग्रंथीला ते संप्रेरक बनवताच येत नाही. मीठ सगळं लंगोटात जातंय."

पहिल्याचंही हेच झालं असेल का, हे मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

उपाय म्हणजे त्या संप्रेरकाचं काम करणाऱ्या गोळ्यांची पूड, आणि निदान मोठा होईपर्यंत मीठ. केमिस्टने मीठ तोलून पुड्या बांधून दिल्या. रोज एक पुडी, दिवसभराच्या दुधात विभागून. तेव्हापासून मी दर तासाला बाळाच्या टाळूवर हात ठेवायचे. अंगातलं पाणी गेलं की टाळू खोल जाते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घाबरून बघितलं की ती मला कायमच खोल वाटायची.

सासूबाईंचं माहेर बाळकुमचं. लहानपण मिठागरात गेलेलं, मिठाने पायांना पडलेल्या भेगा म्हातारपणीही बुजल्या नव्हत्या. त्यांना हे पटेना. "गो बाय, एवरं मीठ घालतात काय पोराच्या दुधान?" मी त्यांना ग्रंथी, संप्रेरक सगळं समजावलं. लॅबमध्ये नव्या पोरांना समजावते तसं, जरा तोऱ्यातच. त्या गप्प राहिल्या. मला वाटलं, पटलं.

तीन महिन्यांची रजा संपली. ऐन मे महिन्यात बाळ आणि पुड्या सासूबाईंवर सोपवून मी कामावर जायला लागले. संध्याकाळी आले की आधी डब्यातल्या पुड्या मोजायचे. रोज एक कमी झालेली असायची. हिशोब बरोबर होता आणि पोर मात्र सुकत चाललं होतं. शनिवारी दुपारी घरी आले तर तो रडतही नव्हता. टाळू खरोखर खोल गेली होती. मला पहिल्याचा सतरावा दिवस आठवला. त्याला उचलून रिक्षा गाठली. सासूबाई शेजारी बसल्या होत्या.

"मीठ रोज जातंय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज. मी स्वतः पुड्या मोजते."

"मग दुसरंच काहीतरी असेल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजाने मी गार पडले.

तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या सासूबाई बोलल्या. "पोटान नाय गेलं ते. चुलीन गेलं."

मी कामावर गेल्यापासून तीन दिवस रोज दुपारी त्यांनी पुडी उघडून बाळावरून ओवाळली होती आणि आंघोळीच्या चुलीत टाकली होती. डॉक्टरांनी मीठ पोरासाठी दिलं, तर दृष्ट काढायला ते पोरावरूनच उतरवावं, असा त्यांचा हिशोब. तान्ह्याच्या पोटात घालायला मात्र त्यांचा हात धजला नव्हता.

मला त्यांनाच चुलीत घालावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या बोलल्या नसत्या तर डॉक्टर भलतंच शोधत बसले असते, हेही खरं. त्यांनी लगेच सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ भुकेने रडलं, तेव्हा आम्ही दोघी दोन भिंतींना टेकून बसलो होतो.

पाचव्या दिवशी घरी आलो. मी पुडीतलं मीठ दुधात विरघळवून त्याला पाजलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बरणीतलं मूठभर मीठ घेतलं, मोहऱ्या घेतल्या आणि बाळावरून सात वेळा उतरवल्या. दृष्ट वगैरेवर माझा विश्वास नव्हता. परसात जाऊन सगळं चुलीत टाकलं, मोहऱ्या तडतडल्या.

मागे वळले तर सासूबाई उभ्या.

"बाय, ते बरणीतलं हाय ना?"

"हो."

"आन् पुडी? पोटान गेली?"

"गेली, आई."

त्या आत जाऊन बाळाच्या टाळूवर हात ठेवून बसून राहिल्या.