आठ फुटी टेबलावरची पंगत

आमच्या जुन्या व्हॅनचं मी फिरतं घर केलं, तेव्हा निम्म्या नांदेडनं मला वेड्यात काढलं आणि उरलेल्या निम्म्यानं आत डोकावून "संडास कुठं हाय?" एवढंच विचारलं. मागच्या सीट काढून गादी टाकली, शेगडी बसवली, पडदे लावले आणि ऑनलाइन एक घडीचं टेबल मागवलं. फोटोत त्या टेबलाभोवती चार गोरी माणसं हसत बसली होती. ती का हसत होती, ते टेबल उघडल्यावर कळलं. ताट ठेवलं तर वाटी मांडीवर घ्यावी लागे, आणि तांब्या ठेवायचा तर एका माणसाला उठावं लागे.

पहिल्या सहलीला आम्ही चौघं होतो. मी, बायको, लातूरचा माझा थोरला भाऊ आणि वहिनी. टेबलाशी मी आणि दादा बसलो, वहिनी ताट मांडीवर घेऊन व्हॅनच्या पायरीवर. बायको वाढत होती. परत येताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घराला चाकं लावली तुम्ही, चांगलं केलं. आजवर एका जागी उभी होते, आता गावोगाव उभी ऱ्हाईन."

मला वाटलं, स्टेअरिंग हातात निघून आलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि ही बाई आमच्याबरोबर बसून जेवल्याचं मला एकदाही आठवेना. वाटेतल्या लोह्यापासून नांदेडपर्यंत आठवत आलो. नाहीच.

"पुढच्या सहलीत पहिलं ताट तुझं," मी म्हणालो. "तू बसल्याशिवाय कुणी घास घेणार नाही."

"हाव," ती म्हणाली. चंद्र मागणाऱ्या पोराला म्हणतात तसं.

मग मी पेटलो. हॉलच्या फरशीवर सहा ताटं मांडली, मधे भाजीचं पातेलं ठेवलं आणि शाळेतल्या खडूनं भोवती रेघ मारली. रेघ सोफ्याखालून निघून दारापर्यंत गेली. दुकानात प्लाय मिळतो आठ बाय चारचा. कापून कमी करायचा होता, पण चांगल्या घरच्या प्लायला लहान करायला माझा हात धजेना. अख्खा घेतला. मालरिक्षावाला म्हणाला, "सर, उडायचं इमान बांधून राहिले का?"

मधोमध कापून त्याचे दोन पाट केले. वरून बिजागऱ्या मारल्या, त्याही खाचेत, ताट अडू नये म्हणून. खालून दोन पट्ट्या अशा ठोकल्या की त्या छोट्या टेबलावर हा फळा डब्याच्या झाकणासारखा गच्च बसावा. दोन टोकांना लोखंडी घोड्या, वर पांढरं सनमायका. घडी घालून व्हॅनच्या टपावर बांधलं तेव्हा व्हॅन चार बोटं खाली बसली. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "ह्यावर जेवायचं का लगीन लावायचं?"

दादा-वहिनीला लातूरला सोडायचं निमित्त काढून एका शनिवारी निघालो. लोहा मागं पडलं आणि दादाला भूक लागली. रस्त्याकडेला मारुतीचं देऊळ, देवळापुढं कडुलिंबाची दाट सावली. याहून चांगली जागा आठ तालुक्यांत नव्हती. टेबल उघडलं. पांढरं असं लखलखलं की तिकडं मुदखेडच्या स्टेशनात समोरून इंजिनाचा दिवा आला समजून गाड्या थांबल्या असतील. टोपलीभर धपाटे, बरणीभर दही, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. चार माणसांसाठी चाळीस माणसांचं, कारण आमच्या घरी मोजून स्वैपाक करायची पद्धत नाही.

बायकोला बसवलं. पहिलं ताट तिच्यापुढं ठेवलं. तिनं धपाटा मोडला, आणि समोर एक आजोबा येऊन उभे राहिले. हातात मारुतीला आणलेल्या तेलाची बाटली. त्यांनी चपला काढल्या, टेबलाला हात लावून छातीला लावला, देवळातलं बाकडं ओढलं आणि बसले.

"यंदा लई उशीर केला बाबा भंडाऱ्याला."

यंदा! मी पुढं झालो. "आजोबा, हे म्हणजे..."

तोवर त्यांनी रिकामं ताट कपाळाला लावलं होतं. ताट कपाळाला लावलेल्या माणसाला 'हे आमचं खाजगी आहे' म्हणणारा मराठवाड्यात अजून जन्मायचाय. दादा आ वासून बसला होता. मागून खुरपणीच्या बायांनी भरलेला ट्रॅक्टर थांबला. "भंडारा हाय गं, उतरा!"

साठ माणसं होती. बायको म्हणते, अठरा. ती बसलेली होती, तिला मोजायला सवड होती. मी पळत होतो, मला साठच दिसली.

पण ते नंतर. ट्रॅक्टर रिकामा व्हायला लागला तेव्हा ती उठायला लागली होती. एक हात टेबलावर, गुडघे अर्धे सरळ. तशीच थबकली आणि तिनं बघितलं. लोकांकडं नाही, माझ्याकडं. टोपली माझ्या हातात कशी आली ते त्या मारुतीलाच ठाऊक. ती खाली बसली.

"अहो, आजोबांच्या पानात दही न्हाई."

मी दही वाढलं. बायांनी आपापल्या डब्यांची झाकणं पुढं केली. वहिनीनं ताट ओढून घेतलं, बायकोशेजारी ठिय्या मारला आणि तांब्या दादाच्या हातात दिला.

"मी?" दादा म्हणाला. साहेबाच्या खुर्चीतून रिटायर झालेला माणूस.

"मग मारुती उठून येईल का पाणी वाढायला?"

एक बाई बायकोकडं झुकून म्हणाली, "वाढपी बरा हाय बाई तुमचा. पर लई हळू."

"नवीन हाय," बायको म्हणाली.

तीस कोपरं टेकली तरी फळा कुरकुरला नाही. एरवी मी गावभर सांगत फिरलो असतो. पण मी बघत होतो ते भलतंच. ती धपाट्याची चौघडी करून खाते. ठेचा आधी, भाजी नंतर, आणि दही अगदी शेवटी, नुसतं, बोटानं. अठ्ठावीस वर्षं एका घरात राहून यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. आणि तासाभरात त्या साठ जणांपैकी एकानंही मला 'तुम्ही जेवलात का' विचारलं नाही. टोपली धरलेल्या माणसाला तोंड असतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आजोबांनी शेवटचा धपाटा घेतला. मी तिच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो.

"माझं काय?"

तिनं मान वळवली नाही. बोटावरचं दही संपवलं.

"टोपलीच्या फडक्यात चुरा ऱ्हायला असंल. ठेच्याबरोबर बरा लागतो." मग रस्त्याकडं बघत म्हणाली, "उभ्यानंच खावा. दुसरा ट्रॅक्टर येऊन राहिला."